कास्तेयॉनला टाइलच्या कामाने चाललात? मग फॅक्टरी बघून लगेच पळू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीला टाइल्स-सॅनिटरीचं दुकान, मार्चमध्ये सप्लायरच्या आमंत्रणावर स्पेनमधल्या कास्तेयॉनला जायचंय, हातात ३ दिवस, फॅक्टऱ्या सोडून तिथे बघण्यासारखं काही आहे का की एक दिवसात काम उरकून बार्सेलोना गाठावं?

आधी माझं सांगतो म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी ग्लेझवाला माणूस, ग्लेझ म्हणजे टाइलवरचा काचेसारखा चकचकीत थर. सुरुवात रायगडकडच्या एका वॉल टाइलच्या प्लांटमध्ये केली, मग फ्रिट (ग्लेझसाठी लागणारी तयार काच) आणि कलर विकायच्या लाइनमध्ये आलो, आणि २००१ पासून कास्तेयॉनच्या वाऱ्या चालू आहेत, कधी वर्षातून एकदा कधी तीनदा. तिथल्या लॅबमध्ये महिनामहिना राहिलोय. त्यामुळे हे टूरिस्टचं उत्तर नाही, धंद्यातल्या माणसाचं आहे, आणि धंद्यातला माणूस म्हणूनच सांगतो की ३ दिवसातला एक अख्खा दिवस गावासाठी ठेवा. बार्सेलोना कुठे पळून जात नाही.

तर कास्तेयॉन म्हणजे व्हॅलेन्सियाच्या उत्तरेला साधारण ७० किलोमीटरवरचं जिल्ह्याचं गाव. व्हॅलेन्सियाहून लोकल ट्रेनने तास-सव्वा तास. पाट्यांवर कास्तेल्यो दे ला प्लाना असं दिसेल, गोंधळू नका, ते तिथल्या व्हॅलेन्सियन भाषेतलं नाव आहे आणि आता अधिकृत तेच. गाव दिसायला फार देखणं नाही हे पहिलंच कबूल करतो, स्टेशनबाहेर पडलात की आपलं कुठलंही बऱ्यापैकी नियोजन केलेलं मध्यम शहर वाटेल, सहा-सात मजली बिल्डिंगी, खाली फार्मसी आणि कॅफे. पण गंमत अशी की टाइलचा धंदा मुख्य शहरात फारसा दिसतच नाही. तो आजूबाजूच्या गावांत आहे. विलारेआल, ओंदा, आल्मासोरा, आल्कोरा, नुलेस, सगळी वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत. स्पेनमधली जवळजवळ सगळी टाइल, म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त, ह्या एवढ्याशा टापूत बनते. पोर्सेलानोसा विलारेआलची, पामेसा आल्मासोराची, तोरेसिद आल्कोराची, तुमच्या शोरूमच्या कॅटलॉगमध्ये ही नावं आहेतच.

टाइल तिथे का आली ह्याचं सरळ उत्तर माती. मोरो आणि आराया भागातली लाल माती, लोखंड आणि चुना दोन्ही असलेली. आपल्याकडे गिऱ्हाईक टाइल उलटी करून मागून लाल दिसली की नाक मुरडतं, "व्हाइट बॉडी नाही का?" म्हणतं. तर कृपा करून ह्या ट्रिपमध्ये हे एकदा समजून घ्या, दुकानात उपयोगी पडेल. वॉल टाइलला लाल बॉडी, म्हणजे ग्लेझखालची भाजलेली माती, वाईट अजिबात नसते. त्या मातीत १० ते १५ टक्क्यांच्या आसपास कार्बोनेट असतं, भट्टीत ७५०-९०० डिग्रीला ते फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि उरलेला चुना मातीतल्या सिलिका-अल्युमिनाशी जुळून असे क्रिस्टल करतो की टाइल भाजताना जवळजवळ आकसतच नाही आणि पुढे भिंतीवर ओल पिऊन फुगतही नाही. भिंतीच्या टाइलला हेच पाहिजे. साइज एकसारखा येतो. भिंतीवर लागल्यावर मागचा रंग कोण बघायला जातंय!

आता ह्यातली खरी गोम सांगतो कारण माझं अर्धं आयुष्य तिच्यात गेलंय. गॅस बाहेर पडेपर्यंत वरच्या ग्लेझने दार उघडं ठेवायला लागतं. ग्लेझ लवकर वितळला तर गॅस खाली अडकतो आणि मग टाइलवर सुईने टोचल्यासारखी भोकं, पिनहोल. पूर्वी ह्यावर उपाय होता दोनदा भाजायचं, आधी नुसती माती (तिला बिस्किट म्हणतात) मग ग्लेझ लावून. ७० च्या शेवटी आणि ८० च्या दशकात एकदाच भाजायची पद्धत आली, वॉल टाइलसाठीच्या त्या प्रकाराला मोनोपोरोसा म्हणतात, आणि मशीन इटलीचं असलं तरी उशिरा वितळणारे पण वितळले की काचेसारखे सपाट पसरणारे फ्रिट बनवून देण्यात कास्तेयॉनवाल्यांनी जे करून ठेवलंय त्याला तोड नाही. १९८० च्या सुमाराला तिथे नैसर्गिक गॅसची पाइपलाइन आली, रोलर किल्न म्हणजे फिरत्या रोलरांवरून टाइल पुढे सरकवणाऱ्या भट्ट्या आल्या, आणि जे भाजायला जुन्या भट्टीत दिवसच्या दिवस लागायचे ते तासाच्या आत व्हायला लागलं.

माझ्या पहिल्या वारीतला एक प्रसंग. आमच्या प्लांटमध्ये पिनहोल थांबतच नव्हते, आम्ही महिनाभर ग्लेझचा फॉर्म्युला उलटापालटा करत बसलेलो, तो सगळा डेटा प्रिंट काढून घेऊन गेलो आल्कोराच्या एका लॅबमध्ये. तिथला टेक्निशियन, पन्नाशीचा, पांढरा कोट, खिशात पेन्सिल. त्याने माझे कागद बाजूला ठेवले. टाइल उचलली, उलटी केली आणि मागच्या बाजूला सरळ जीभ लावली. मी बघतच राहिलो. जीभ चिकटली पाहिजे, बॉडी पोरस आहे की नाही ते कळतं म्हणे. मग एक तुकडा फोडला, न भाजलेल्या पावडरवर ॲसिडचा थेंब टाकला, फस्स करून फेस आला, तो त्याने कान जवळ नेऊन ऐकला, हो ऐकला, आणि म्हणाला ग्लेझ ठीक आहे, तुमची माती बदललीय. फोन करून विचारलं तर खरंच, आमच्या स्टोअरने न सांगता मातीची खाण बदलली होती. कार्बोनेट वाढलं होतं आणि ग्लेझ वितळायच्या आधीच्या तापवणीत (प्रीहीट) गॅस निघायला तेवढा वेळ मिळत नव्हता. दोन दिवसात काम झालं. त्या दिवसापासून मी पण टाइल चाटतो, घरचे हसतात.

हे सांगायचं कारण, तिथली खरी दौलत मशीन नाही. प्रेस इटलीचे, किल्न इटलीचे, तेच आता गुजरातच्या मोरबीत पण उभे आहेत. कास्तेयॉनची दौलत म्हणजे फ्रिट-ग्लेझ बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांची हिंडणारी माणसं. तिथे ग्लेझ नुसता पोत्यात भरून विकत नाहीत. पोत्याबरोबर माणूस येतो, तुमच्या लाइनवर उभा राहतो, डिझाइन देतो, शेड जुळवून देतो, आणि त्याचं वेगळं बिल नाही, सगळं ग्लेझच्या भावात धरलेलं. त्यामुळे एका फॅक्टरीत सकाळी जमलेली युक्ती आठवड्याभरात दहा फॅक्टऱ्यांत पोचते. हेच लोक पुढे जगभर गेले, गुजरातमध्ये आले, आणि आपल्या मोरबी-वांकानेरच्या पोरांनी जे शिकलं त्यातलं बरंचसं ह्याच माणसांकडून. म्हणजे स्पर्धक त्यांनी स्वतःच तयार केला. २०२३ मध्ये युरोपियन युनियनने भारतीय टाइलवर अँटी-डंपिंग ड्यूटी (फार स्वस्तात येणाऱ्या मालावरचा जादा कर) लावली, साधारण पावणेसात ते पावणेनऊ टक्के, तेव्हा तिथल्या एका जुन्या मित्राला मी चिडवलं की आधी शिकवता आणि मग दंड करता होय, तर तो म्हणाला शिकवणारे वेगळे आणि दंड करणारे वेगळे, चल कॉफी पिऊ.

डिजिटल प्रिंटिंगचंही तसंच. टाइलवर इंकजेटने छापायची आयडिया बाजारात आणली आल्मासोराच्या केराजेटने, २००० साली व्हॅलेन्सियाच्या सेविसामा प्रदर्शनात दाखवली. मी पुढच्या वर्षी बघितली तेव्हा खरं सांगतो मला ते खेळणं वाटलं होतं, रंग फिकट, शाई महाग, हेड चोक होणार. दहा-बारा वर्षांत आधी छपाईला वापरायचे ते सिलिकॉनचे रोलर आणि स्क्रीन दोन्ही भंगारात गेले. तुमच्या दुकानात आज जे इटालियन मार्बल म्हणून विकता आणि दोन टाइलवर एकसारखी शीर दिसत नाही ते ह्या खेळण्यामुळे. तर माझ्या अंदाजांवर फार जाऊ नका.

धंद्याची सध्याची तब्येत पण माहीत असू द्या, भाव करताना कामाला येईल. २००६ ला स्पेनचं उत्पादन ६० कोटी चौरस मीटरच्या घरात होतं, बांधकामाचा फुगा फुटला आणि २००९ ला जवळपास निम्म्यावर आलं, गावंच्या गावं बेकार झालेली मी बघितलीत, ओंदाच्या रस्त्याला एकामागून एक बंद शटर. मग सावरले, २०२१ ला ५८ कोटींच्या पुढे गेले, आणि २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध आलं. गॅसचा भाव तर तुम्ही वाचलाच असेल, पण दुसरा फटका लोकांना माहीत नाही: पोर्सेलिनसाठी (पाणी न पिणारी टणक टाइल) लागणारी पांढरी माती युक्रेनच्या डोनबासमधून बोटीने कास्तेयॉनच्या बंदरात यायची. ती एका झटक्यात बंद. फॉर्म्युले बदलायला लागले, तुर्कस्तान, पोर्तुगाल, तेरुएलकडची माती मिसळून बघायला लागले. २०२३ चं उत्पादन ४० कोटींच्या खाली गेलं. तेव्हा समोरचा सप्लायर हसून बोलत असला तरी त्याच्या पोटात गोळा आहे हे लक्षात ठेवा.

बरं, आता फॅक्टरीच्या बाहेर.

सगळ्यात आधी आल्कोरा, कारण मुळं तिथे आहेत. १७२७ मध्ये आरांदाच्या काउंटने तिथे चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला. फ्रान्सच्या मूस्तिए गावातून ओलेरीस नावाचा चित्रकार-कारागीर आणवला, स्थानिक पोरांना चित्रकला शिकवायला कारखान्यातच शाळा काढली. म्हणजे बाहेरून कसब आणायचं, गावात मुरवायचं, ही सवय तीनशे वर्षांची आहे. गावात सिरॅमिकचं म्युझियम आहे, लहान आहे पण तिथल्या ताटांवरचा पिवळा आणि निळा बघा, आणि नंतर तुमच्या सप्लायरच्या लॅबमधला शेड बोर्ड बघा. दुसरं म्युझियम ओंदाला, मानोलो साफोंत ह्यांच्या नावाचं, ते फक्त टाइलचं. मध्ययुगातल्या फरशीपासून आजपर्यंत. टाइलवाल्याने तिथे दोन तास घालवलेच पाहिजेत, बाकीच्यांना अर्धा तास पुरे.

स्पॅनिशमध्ये टाइलला आसुलेहो म्हणतात. आपल्या गोव्यात फोंतेन्यासमध्ये घरांवर निळ्या-पांढऱ्या टाइलच्या नावाच्या पाट्या असतात ना, अझुलेजो, तोच शब्द, फक्त गोव्याचा पोर्तुगीजांकडून आलाय. बऱ्याच जणांना वाटतं आसुल म्हणजे निळा म्हणून आसुलेहो. तसं नाही, मूळ अरबी आहे, गुळगुळीत घासलेल्या लहान दगडासाठीचा शब्द. ह्या भागावर मुसलमान राज्यकर्ते होते त्या काळापासून भट्ट्या चालू, आणि जुन्या लाकूडफाट्याच्या भट्टीला तिथे अजूनही मूरांची भट्टी म्हणतात.

मुख्य शहरात काय बघाल? माझ्या मते तीन गोष्टी, बाकी वेळ उरला तर.

एक, फाद्री. चौकात एकटा उभा असलेला अष्टकोनी घंटेचा मनोरा, ५८ मीटर उंच, १६०४ ला पुरा झाला. फाद्री म्हणजे अविवाहित पुरुष, आपल्या भाषेत सडाफटिंग. चर्चला चिकटून नाही, वेगळा उभा, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. आत खालच्या एका मजल्यावर पाद्र्यांसाठी तुरुंग होता, त्याच्यावर घंटा वाजवणाऱ्याचं घर, सगळ्यात वर घंटा. शेजारचं सांता मारिया चर्च गॉथिक दिसतं पण फसू नका, मूळचं १९३६ ला यादवी युद्धाच्या सुरुवातीला जाळलं आणि मग पाडलं, आत्ता दिसतं ते नंतर बांधलेलं, जुने दरवाजे तेवढे खरे. म्हणजे मधली काही वर्षं तो सडाफटिंग खरोखरच एकटा होता. त्याच युद्धातला हवाई हल्ल्यांपासून लपायचा जमिनीखालचा निवारा तेतुआन चौकात आहे, तो पण बघता येतो, पाच-दहा मिनिटं खाली उभं राहून या.

दोन, तागाचा बाजार. सतराव्या शतकातली सुबक इमारत, खाली कमानी. टाइल आणि संत्र्यांच्या आधी कास्तेयॉन जगलं ते हेंपवर, म्हणजे दोरखंडाच्या तागावर. जहाजांचे दोर, आणि दोऱ्याच्या तळव्याच्या चपला. मग तो धंदा बसला, शेतात संत्री आली, मग संत्र्यांच्या शेजारी टाइलच्या फॅक्टऱ्या आल्या. एका गावाने तीन धंदे बदलले. आता बिल्डिंग विद्यापीठाकडे आहे. त्या विद्यापीठाचं नाव जाउमे पहिला, १९९१ चं, आणि तिथली सिरॅमिक टेक्नॉलॉजीची संस्था म्हणजे आमच्यासाठी काशी. कास्तेयॉनमध्येच दर दोन वर्षांनी क्वालिसेर नावाची टाइलची परिषद होते, १९९० पासून, तिथले जुने पेपर मी अजून जपून ठेवलेत.

तीन, संध्याकाळी ग्राउला जा, बंदराकडे. १८८८ पासून १९६३ पर्यंत ओंदाहून विलारेआल, कास्तेयॉन करत ग्राउपर्यंत एक वाफेची छोटी गाडी चालायची, संत्री आणि टाइल बंदरात न्यायला आणि रविवारी माणसं समुद्रावर न्यायला. लोक तिला पांदेरोला म्हणायचे. पांदेरोला म्हणजे झुरळ! आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीवर लोकांचा जीव आहे तसाच तिथल्या म्हाताऱ्यांचा त्या झुरळावर आहे, विषय काढा, अर्धा तास निघत नाही.

विमानतळाची कथा पण ऐकाल. मार्च २०११ मध्ये थाटात उद्घाटन झालं, विमान एकही नाही, आणि पहिलं प्रवासी विमान उतरलं २०१५ च्या सप्टेंबरमध्ये. दाराशी रिपोयेस नावाच्या स्थानिक कलाकाराचा अवाढव्य पुतळा. विषय काढला की तिथले लोक खजील होऊन हसतात, आपण फार ताणू नये, आपल्याकडेही आहेतच की असे फीत कापून ठेवलेले प्रकल्प.

आणि आता मुख्य. मार्चमध्ये जाताय म्हणालात, तर तारखा आधी तपासा. ईस्टरच्या बरोबर ४ आठवडे आधीचा रविवार म्हणजे मागदालेनाचा रविवार. तो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत कधीही येतो, त्याच्या आदल्या शनिवारी सण चालू होतो आणि ९ दिवस चालतो. त्या आठवड्यात शहरात हॉटेल मिळणं मुश्किल आणि शहरातली ऑफिसं अर्धी रिकामी, तेव्हा मीटिंग ठेवायची तर ओंदा-आल्कोराकडे ठेवा, तिथे कामं चालू असतात.

सण कशाचा? गावाच्या वाढदिवसाचा म्हणा. आधी हे गाव मागदालेनाच्या टेकडीवर किल्ल्याजवळ होतं. १२५१ मध्ये राजा जाउमेने परवानगी दिली की खाली सपाटीवर या, जिथे नदीचं पाणी फिरवून शेती होते. दंतकथा अशी की रात्री पाऊस-चिखलात लोक खाली उतरले, हातात बोरूच्या काठ्या आणि काठीच्या टोकाला कंदील, पोरं हरवू नयेत म्हणून एकमेकांना धरून. इतिहासकार मान हलवतील, पण सगळा सण ह्या एका चित्रावर उभा आहे.

रविवारी सकाळी लोक उलटं जातात, खालून वर टेकडीवर. साताच्या सुमाराला मुख्य चौकात जा. काळे ढगळ अंगरखे, गळ्यात हिरवा रुमाल, आणि प्रत्येकाच्या हातात माणसाच्या उंचीची बोरूची काठी, तिला हिरवी फीत. फुकट वाटतात, तुम्हीही घ्या. म्हातारे, कॉलेजची पोरं, बाबागाडी ढकलणाऱ्या बायका, सगळे चालतात, सात-आठ किलोमीटर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती हजारो काठ्यांची सळसळ ऐकून मला आळंदीच्या वाटेवरच्या पताका आठवल्या. भक्ती तेवढी नाही, गप्पा जास्त. वाटेत सांत रोकच्या देवळापाशी थांबायचं, तिथे अंजीर मिळतात, सुकी अंजिरं पिठात बुडवून तळलेली, हो अंजिराची भजी! गरम खा. सोबत छोट्या ग्लासात गोड आणि कडक दारू मिसळून देतात, सकाळी साडेआठला, झेपणारी असेल तरच. वर टेकडीवर लहानसं देऊळ, पडका किल्ला, आणि खाली बघाल तर संत्र्यांच्या बागा, फॅक्टऱ्यांची पत्र्याची छपरं, ओली माती सुकवणाऱ्या स्प्रे ड्रायरची पांढरी वाफ, आणि मागे समुद्र. तुम्ही ज्या कामाला आलात ते सगळं एका नजरेत. पोरांना भोकाचा गोल पाव मिळतो, हिरवी फीत बांधलेला, तो मनगटात अडकवून हिंडतात.

संध्याकाळी परत खाली, आणि मग गायाता निघतात. गायाता म्हणजे त्या कंदिलाच्या काठीचंच वाढून झालेलं रूप, गाड्यावर चढवलेला दिव्यांचा मनोरा, रंगीत काच, हजारो बल्ब. शहराचे १९ विभाग आणि प्रत्येक विभागाची एक गायाता. पुणे-मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही, मंडळं आहेत मंडळं! वर्षभर वर्गणी, वर्षभर खलबतं, शेजारच्या विभागापेक्षा आपली उंच दिसली पाहिजे, बक्षीस जाहीर झालं की रुसवे. प्रत्येक विभागाची एक मुलगी मानकरी असते, पारंपरिक पोशाखात. सण जुना असला तरी हा सगळा आत्ताचा थाट १९४५ पासूनचा. गायातेची त्यांची व्याख्या मला फार आवडते, आग नाही धूर नाही नुसता उजेडाचा स्फोट. आग नाही ह्यावर जोर कारण शेजारच्या व्हॅलेन्सियाचा फाय्यासचा सण, तिथे महाकाय पुतळे बनवून १९ मार्चच्या रात्री जाळतात. कास्तेयॉनवाले म्हणणार आम्ही जाळत नाही, आमचं जपून ठेवतो. चढाओढ तर असणारच. पण फटाक्यांच्या बाबतीत दोघे सारखेच, दुपारी दोनला चौकात आवाजी फटाक्यांची माळ लावतात, मास्क्लेता, पाच-सहा मिनिटं, छातीत धडधडतं. कानात बोटं घालू नका, तोंड किंचित उघडं ठेवा, मला तिथल्याच एकाने शिकवलं.

रस्त्यात बैल सोडायचा प्रकार ह्या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक गावच्या जत्रेत असतो, आल्मासोराला मेमध्ये, ओंदालाही. मी एकदा बघितला, परत गेलो नाही. लोकांना तो जिवाभावाचा वाटतो, मला बघवत नाही, एवढंच. त्यापेक्षा गुड फ्रायडेला तिथे असाल तर आल्कोराला दुपारी १२ ला जा, चौकात अख्खं गाव ढोल घेऊन गप्प उभं असतं आणि बाराच्या ठोक्याला सगळे एकदम सुरू करतात. ढोल-ताशा ऐकून वाढलेल्या माणसाला पण काटा येतो. आणि फुटबॉलचं वेड असेल तर विलारेआल, पन्नासेक हजार वस्तीच्या गावाचा क्लब, मालक पामेसावाले रोइग, स्टेडियमचं नावच २०१७ पासून सिरॅमिक स्टेडियम. २०२१ मध्ये युरोपा लीगच्या फायनलला मँचेस्टर युनायटेडला पेनल्टीवर ११-१० ने हरवलं. मी त्या रात्री इथे घरी जागा होतो, सकाळी तिथल्या कुणीच फोन उचलला नाही.

खाण्याचं. सकाळी साडेनऊ-दहाला तिथे दुसरी न्याहारी असते, तिला हलक्यात घेऊ नका. फॅक्टरीतला फिटर आणि मालक एकाच बारमध्ये. बसल्या बसल्या टेबलावर शेंगदाणे आणि ऑलिव्ह येतात, सालासकट शेंगा, आपल्यासारख्याच फोडून खायच्या. मग हातभर लांब पाव, आत तुम्ही शाकाहारी असाल तर बटाट्याचं ऑम्लेट मागा, अंडं पण नको असेल तर भाजलेली वांगी-मिरची. शेवटी क्रेमाएत म्हणजे रम पेटवून त्यात साखर, लिंबाची साल, कॉफीचे दाणे आणि वर कॉफी. खरा सौदा ह्या टेबलावर होतो, मीटिंग रूममध्ये नाही. मला ७-८ टक्के जास्त डिस्काउंट कधीही प्रेझेंटेशननंतर मिळालेला नाही, शेंगांच्या टरफलांच्या ढिगाऱ्याशेजारी मिळालाय. आणि एक, ऑगस्टमध्ये कधीही जाऊ नका. मी एकदा गेलो होतो, अर्जंट शेड मॅचिंगला, सप्लायरने मेलवर या म्हटलेलं, जाऊन बघतो तर किल्न थंड, गेटवर वॉचमन, तो म्हणतो सप्टेंबरमध्ये या. चार दिवस बेनिकासिमच्या बीचवर बूट घालून बसलो होतो.

तर तीन दिवस असे लावा: पहिला दिवस सप्लायर, दुसऱ्या दिवशी सकाळी ओंदाचं म्युझियम आणि दुपारी आल्कोरा (लॅब दाखवा म्हणून आधीच मेल टाका, नुसती शोरूम बघून येऊ नका, मागे लागलात तर दाखवतात), तिसरा दिवस शहर, आणि रविवार मागदालेनाचा निघाला तर तिसरा दिवस तोच पकडा. चालायचे बूट न्या. सँपल टाइल हँडबॅगेत कोंबू नका, ६० बाय ६० चा एक पोर्सेलिन तुकडाच सात-आठ किलो भरतो, सप्लायरला कुरियर करायला सांगा, ते करतात. परत येताना हिरवी फीत लावलेली काठी मात्र विमानात घेऊ देत नाहीत, मी तीनदा प्रयत्न करून बघितला. फीत सोडवून खिशात घाला. माझ्या लॅबमध्ये शेड बोर्डाच्या खिळ्याला सहा लटकतायत, त्यातल्या जुन्या दोन आता हिरव्या राहिल्या नाहीत.